हिरव्या थर्मासबद्दल विल्किन तेहादाचं म्हणणं

नाव: विल्किन तेहादा फेलिस. वय: २३. धंदा: गांजा क्लबात झाडांची देखभाल, त्याआधी मासळीबाजार, गाड्या धुणे, बेकरी. राहणार: क्लबाची मागची खोली, ला तेहा वस्ती, मोन्तेविदेओ. मूळ गाव बाराओना, डोमिनिकन प्रजासत्ताक. शिक्षण: पाचवी, सहावीत थोडे दिवस.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की, आमचा क्लब सरकारदरबारी नोंदलेला आहे आणि झाडं परवान्यातली आहेत. इथे कायम राहण्याचा माझा अर्ज अजून अडकलेला आहे. पोलिसांत नाव लागलं तर तो गेलाच. म्हणून सगळं सांगतो.

मागच्या पंधरवड्यात आम्ही झाडांचा उजेड कमी केला. दिवे बारा तासांवर आणले की झाड फुलोऱ्यावर येतं. वाढीला नत्राचं खत लागतं. फुलं धरू लागली की नत्र कमी करून स्फुरद आणि पालाश वाढवायचं. हे खताच्या डब्यावरच छापलंय. पण आमच्याकडे डब्यावर छापलेलंसुद्धा सभेत मंजूर व्हावं लागतं.

अध्यक्ष मिल्तोन बेरुतीसाहेब, निवृत्त बँकवाले, म्हणाले, "झाडं अजून उंच होतायत. आत्ताच नत्र तोडलं तर पानं पिवळी पडतील. मी असेपर्यंत हा क्लब हिरवाच राहील."

चिटणीस निबिया लारोसाबाई, निवृत्त शिक्षिका, म्हणाल्या, "मिल्तोन, तुम्हाला फुलं हवीत की कुंपण?"

समिती सात जणांची. मतं तीन-तीन पडली, एक तटस्थ. मग खतासाठी दोघांची उपसमिती नेमली. तिथे एक-एक. ठराव होईपर्यंत झाडांनी थांबावं, असं मला सांगण्यात आलं. मी म्हटलं, सांगतो त्यांना.

आज दुपारी सभेच्या आधी निबियाबाई हिरवा थर्मास घेऊन झाडांच्या खोलीत आल्या. फुलांचं खत त्यांनी घरीच गरम पाण्यात विरघळवून आणलं होतं. इथे जो तो कडू चहासाठी गरम पाणी बरोबर बाळगतो; काखेत थर्मास नसेल तर लोक वळून बघतात. असेल तर कुणी विचारत नाही. म्हणाल्या, "सभा चालू झाली की झाडांच्या पाण्याच्या टाकीत ओत. आणि तोंड बंद, राजा." थर्मास त्यांनी फळीवर ठेवला. त्याच फळीवर बेरुतीसाहेबांचा थर्मास होता. तोही हिरवा, त्याच दुकानातला.

बेरुतीसाहेब एक उचलून सभेत गेले. उरलेला मी टाकीत ओतला.

सभेत माते, म्हणजे तोच कडू चहा, फिरला. भोपळ्यात कडू पाला, वरून थर्मासचं गरम पाणी, नळी एक आणि तोंडं सात. पाणी ओतणाऱ्याला 'बरा नाही झाला' म्हणणं म्हणजे त्याच्या आईबापांचा उद्धार करणं. मी माते घेत नाही. आमच्या बाराओनात कॉफी पितात, साखर घालून.

पहिला भोपळा रिवाजाप्रमाणे बेरुतीसाहेब स्वतः प्यायले. जरा थांबले. म्हणाले, "आज पाला झकास उतरलाय." शेजारचे म्हणाले, "दाट आहे." त्यांच्या पलीकडचे म्हणाले, "ब्राझीलचा का हो?" निबियाबाईंनी एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं. तेव्हा मला कळलं, थर्मास बदलले. मी त्यांच्याकडे बघितलं. बोलल्या असत्या तर सभेला डावलल्याचं उघड झालं असतं. त्यांनी भोपळा रिकामा केला आणि म्हणाल्या, "छान." दुसऱ्या फेरीतही म्हणाल्या.

मीही बोललो नाही. पगार बेरुतीसाहेब देतात आणि माझ्या अर्जावर जामीन म्हणून सही निबियाबाईंची आहे.

मग एकेक जण उठून जाऊ लागला. क्लबात संडास एकच आहे. दवाखान्यात सांगितलं, जिवाला धोका नाही, पोट साफ होईल. टाकीत गेलं ते साधं पाणी. झाडांची तब्येत उत्तम आहे.

तक्रार मी विष घातल्याची आहे. पुरावा असा, की सातही जण आडवे आणि मी एकटाच ठणठणीत. तक्रारीवर सही निबियाबाईंची आहे. त्यांच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. माझ्या अर्जासाठी त्या माझ्याबरोबर थंडीत रांगेला उभ्या राहिल्या आहेत.

जबाब घेणारे अंमलदार सोका यांनी विचारलं, "सात शहाणी माणसं चव न कळता पीत बसली? कुणाला शेंड्या लावतोस?" विचारता विचारता त्यांनी आपला भोपळा भरून घेतला. मी म्हटलं, "साहेब, तो पुराव्याचा थर्मास. तुमचा डावीकडचा." ते म्हणाले, "जन्म गेला माझा यात. तुझ्या बेटावर कुणाला काय कळतं मातेतलं? फर्मास झालाय." मी बोललो ते जसंच्या तसं लिहावं, अशी विनंती केली. त्यांनी लिहिलं आणि आणखी एक भोपळा भरला.

इथवरचा जबाब अंमलदार सोका मला वाचून दाखवत होते. मध्येच त्यांना घाईने उठावं लागलं, ते परत आले नाहीत. पुढचा भाग अंमलदार आल्मेइदाबाईंनी लिहिला आणि सगळा पुन्हा वाचून दाखवला. त्यांनी दोन्ही थर्मास कपाटात कुलूपबंद केले आणि माझ्या नावापुढचं 'संशयित' खोडून 'साक्षीदार' केलं.

मी सांगितलं तसंच उतरलंय. दुरुस्ती एकच: आजारी सात लिहिलेत, ते आठ करावेत.

सही: विल्किन तेहादा