तोंड भिंतीकडं

…न्हाई, पन पाठ काय हौसेनं फिरवली का म्या? तुमी बी बायाच ना, मग सांगा की! सारं कोल्हार म्हनतंय, छबूबाईनं सात महिन्यांच्या गरोदर सुनेकडं आठ दिस पाठ केली, अशी कजाग सासू पंचक्रोशीत न्हाई… अवो, सहा महिन्यांमागं डोळ्यांची साथ कशी आल्ती आठवा ना, ‘जय बांगला’ म्हनायचे तिला, अर्धं गाव लाल डोळं घिऊन फिरत हुतं, आन् त्यातच आमची रतन पोटुशी!

त्यात ही शेजारची मालनबाई. आली, बसली, चहा पिली आन् हळूच म्हनती, "रतने, कुनाच्या लाल डोळ्याकडं बघू नको गं माय, पोटातल्या लेकराचं डोळं जात्यात!" झालं! ही गेली आपल्या घरी, आन् आमची पोर पदर नाकापत्तुर वढून अंगनात चालायला लागली. दोनदा तुळशीला धडकली, एकदा म्हशीला! पोटावर हात ठिवून इचारायची, "आत्याबाई, पोस्टमनचं डोळं लाल हुतं, म्या पाह्यलं… यानं बी पाह्यलं असंल का वो?" माझा जीव तुटायचा. पहिलटकरीन, माहेर लांब पाथर्डीकडं, आई न्हाई तिला. म्हनलं, "येडी का काय, त्याच्या खिडक्या अजून उघडल्यात कुठं!"

आन् दुसऱ्या दिवशी उठते तर काय… माझंच डोळं चिकटल्यालं!

आता सांगावं, तर पोर भिऊन अर्धी व्हईल. मग फिरवली पाठ! भाकरी भिंतीकडं तोंड करून थापली, ताट मागच्या मागं सरकवलं, "जेव गं" म्हनलं ते बी भिंतीलाच. पाठ काय हौसेनं फिरवली का म्या? पन तिच्या डोक्यात निराळंच! डोहाळजेवनात वाटीखालून पेढ्याऐवजी बर्फी निघाल्ती ना, म्हंजी पोरगी हुनार… ती समजली, आत्याबाईला नातू पायजेल, म्हनून रुसल्यात. अवो, मला चारी पोरगेच, घरात येनी घालायला एक डोकं न्हाई! बर्फी निघाली तवा म्याच चोरून दोन खाल्ल्या!

पन ते तिला कुठं ठावं? जेवना, बोलना, नुसती रडतीय. आठव्या दिवशी माझा गोरक्ष, तिचा नवरा, बोंबलत आला, "आये, हिचं बी डोळं आलं!" गाडी जुपली, दवाखाना गाठला. डॉक्टरनं तिची पापनी वर केली न् म्हनले, "हे आलेले डोळे नाहीत, रडलेले आहेत. कोणी रडवलं हिला?… आणि आजी, तुम्ही कपाटाकडे तोंड करून का उभ्या?"

वळले. काय करनार?

डॉक्टर सांगत्यात, "बघितल्यानं पोटातल्या बाळाला काही होत नाही हो, हात धुवा, टॉवेल निराळा ठेवा…" पन ऐकतंय कोन? रतन माझ्या लाल डोळ्यांकडं टक लावून बघतीय, म्हनती, "आत्याबाई, बर्फीपायी न्हाई ना रुसल्या?" म्हनलं, "अगं बये, इकडं बघू नको!" तर जास्तच बघतीय, हसतीय काय, रडतीय काय… आठ दिसांनी पाह्यलं तिचं तोंड, कसं सुकलं हुतं! लई वाईट वाटलं मला, खोटं कशाला सांगू. साथीचं भ्या कवाच मागं पडलं हुतं, पोर माझ्या पाठीला भ्याली हुती.

पोरगीच झाली. डोळं हे टपोरं! आता चार महिन्यांची हाय. बापाकडं बघती, म्हशीकडं बघती, त्या मालनबाईकडं बघून तर हसती… आन् माझा आवाज आला, की मान वळवून भिंतीकडं बघती! आठ दिस पोटात ऐकलं ना, आजी बोलती ती भिंतीसंगं!

एवढ्याशा जिवाला कसं सांगू, पाठ काय हौसेनं फिरवली का म्या? जाते न् बसते भिंतीला टेकून. तिथं तरी दिसंन तिला.