छत्तीसशे सातानं भाग गेला

सगळा दोष मोठ्या काकांचा. नाही, तुम्ही बसा हो, एक बूट पायात अन् एक माझ्या मांडीवर — जाणार कुठं असे? तर काका. नोकरी संपली तेव्हा ऑफिसनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, पाठीवर त्याचा आकडा — एक कोटी सदतीस लाख सतरा हजार चारशे एकवीस. आता माणूस घड्याळात काय बघतो? वेळ बघतो. यांनी पाठ बघितली. दोननं भाग जात नाही, तीननं नाही, सातानं नाही, अकरानं नाही — झालं, म्हातारा खूश. म्हणे ही मूळ संख्या, हिला कशानंच भाग जायचा नाही, अगदी माझ्यासारखी — साहेबांनी इतकी वर्षं छळलं, फुटलो का मी? फुटणार कशाला, दुपारभर टेबलावर डोकं ठेवून झोपायचे.

मग सिद्ध करायचं ठरलं. वर्गमूळ सदतीसशेच्या जरा वर, तिथवरच्या एकूण एक मूळ संख्येनं भागून बघायचं, तेही हातानं — यंत्र म्हणजे भाड्याचा माणूस, घरचं काम घरच्यांनी करायचं. आईला शंभरच्या आतल्या दिल्या, स्वयंपाक सांभाळून. माझे होणारे सासरे काकांचेच दोस्त, रोज चहाला टपकायचे — त्यांनाही बसवलं. मला शेवटच्या, छत्तीसशेच्या पुढच्या. काका म्हणाले, कॉलेज काय पळून जातंय? नाही पळालं, कॉलेजवाल्यांनी माझंच नाव कापलं. घरात कुणाला त्याचं काही नाही — सगळे भागाकारात.

अन् छत्तीसशे सातानं भाग गेला. उत्तर अडतीसशे तीन, बाकी शून्य. पुन्हा केला — शून्य. गुणून पाहिलं — तोच आकडा. काकांना बाजूला घेऊन दाखवलं, तर कागदाची घडी घालून खिशात टाकली अन् म्हणतात कसे — "बाळा, बाकी एक येते म्हण. एकानं कुणाचं काय बिघडतं? लग्नानंतर वरची खोली तुझी." वरची खोली, खिडकीवाली. सासऱ्यांच्या मुलीनं पडद्यांचा रंगसुद्धा ठरवला होता, निळा — नुसतं ठरवलेलं लग्न नव्हतं हो ते, आमचं आधीपासून — असो. पाय खाली घ्या.

संध्याकाळी सगळे जमले. एकेकानं सांगितलं — नाही जात, नाही जात. माझी पाळी आली. मी म्हणालो, जातो.

आईनं घड्याळ उतरवून उशीवर ठेवलं. शेजारचे भेटायला आले, चपला बाहेर काढून, हळू आवाजात — "असं अचानक कसं झालं हो? कालपर्यंत तर ठीक होता." कोण? आकडा. काका म्हणाले, छत्तीसशे सात यानंच बाहेरून आणला, आमच्या घरात असलं काही नव्हतं. सासरे म्हणाले, थोरांच्या संख्येचे ज्यानं दोन तुकडे केले, त्याच्या हाती मुलगी कशी द्यायची? अन् तिनं काय म्हणावं? "एक म्हणायला तुझं काय जात होतं?"

मी कशाला आता आकडे बघतोय. तुमच्या बुटात आत छापलाय ना, त्याला सतरानं जातो — आपलं सहज. अन् छत्तीसशे सात आहे ना, त्याला मात्र खरंच कशानं जात नाही, मी बसून बघितलंय, सगळ्यांनी भागून — घ्या, घाला बूट. काही बोलू नका, निघा. लग्न मोडलं आणि मी या दुकानातच झोपतो.