कड्याकडं तोंड

कर्जतच्या मामलेदार कचेरीच्या पडवीत कुंभिवलीचा मालोजी पुकाऱ्याची वाट बघत बसला होता. शेजारी ठाकूरवाडीचा शुक्रा आणि त्याची बहीण ठकी टेकली, तसे त्यानं कान टवकारले. त्यांच्या वाडीवरच्या आभाळात दिसलेलं आक्रीत खालच्या गावांपर्यंत गाजलं होतं. त्याच दुपारी ठकीचा नवरा धाऊ दोराला लटकून मध काढताना कड्यावरून पडून मेला होता.

"आत काय सांगशील, शुक्रा?" ठकीनं विचारलं.

"झालं तेच. भर उन्हात तांब्याच्या घंगाळागत कायतरी डोंगरावर येऊन थांबलं. पंख नाय, आवाज नाय. सगळ्या वाडीनं बघितलं, गं."

"मी पण बघितलं. नाय कोण म्हणतं?"

"मंग?"

"दोर तुज्या हातात होता. बायकोच्या भावानंच धरायचा, म्हंजी बहिणीच्या कुंकवासाठी तरी तो सोडणार नाय. म्हणून तुला उभा केला."

"वर बघता बघता हात कवा ढिले पडले, कळलंच नाय गं."

मालोजी जरा जवळ सरकला आणि त्यानं शुक्राला विचारलं.

"धाऊनं बघितलं का रं ते?"

"नाय. त्याचं तोंड कड्याकडं होतं."

"म्हंजी मरताना त्याला एवढंच ठावं, की माज्या भावानं दोर सोडला."