पिंपावरचा दगड

शेनहाई : आई, ऊठ त्या दगडावरून. हॉटेलची गाडी खाली पुलाशी येऊन थांबलीय.

आई : थांबू दे. गाडीचे काही पाय दुखत नाहीत.

शेनहाई : क्वेयांग शहराहून बडे पाहुणे आलेत. ढोलमनोऱ्याखाली मेजं मांडलीत. आपल्या दोंग लोकांचं जुनं खाणं त्यांना चाखायचंय. इतके मुरलेले मासे गावात फक्त आपल्या पिंपात उरलेत. हॉटेलच्या साहेबांना मी शब्द देऊन बसलोय.

आई : शब्द तुझा, मासे माझे. तू रांगत होतास तेव्हा भातखाचरातून धरलेले. मीठ चोळलं, चिकट भात नि मिरच्या भरल्या, वर हा दगड ठेवला. कशासाठी?

शेनहाई : तुझ्या मयतासाठी. लहानपणापासून ऐकतोय.

आई : मग? सुतकात आपल्यात मटण चालत नाही, मासेच वाढतात. मला उचलायला आलेल्यांच्या पुढ्यात काय वाढशील, तुझा शब्द?

शेनहाई : तेव्हा बाजारातून ताजे आणू. आता कोण बघतं एवढं?

आई : तुझी यांगकाकू बघायची. काल गेली बिचारी. तिचं पिंप तूच गोड बोलून हॉटेलात पोचवलंस ना? आता तिच्या अंगणात जाऊन बघ, काय वाढतायत ते.

(यांगकाकूची सून श्यूमेई दारात येते. डोक्याला सुतकाचं पांढरं फडकं.)

श्यूमेई : काकू, मोठं पातेलं द्याल? माणसं जेवायची आहेत. नुसता भातच आहे, पण तो तरी पुरायला हवा.

आई : आणि मासे?

श्यूमेई : ते आम्ही... मला नाही बोलवत, काकू.

आई : मग नको बोलूस. पातेलं तिथे चुलीमागे आहे, घे. शेनहाई, ही कड धर. दगड उतरव.

शेनहाई : भलतंच काय, आई. एवढी वर्षं जपलेस. आणि साहेबांना काय सांगू?

आई : म्हातारीने दिले नाहीत म्हणून सांग. खुशाल माझं नाव घे. हात खालपर्यंत घाल, तळाचे जास्त मुरलेत.

श्यूमेई : काकू, चार दिलेत तरी पुष्कळ.

आई : माणसं काय चार येणारेत? काढ रे सगळे.

शेनहाई : सगळे? आणि तुझ्या वेळी गं? तेव्हा मी काय वाढू?

आई : कापणीला खाचरातलं पाणी सोडलं की नवे भरते. ते मुरेपर्यंत मला मरायला सवड नाही.