वाटीतला सातवा बोल्ट

...अन् वरून ती सरितावहिनी मलेच म्हणते, "नरहरीभाऊ, तुमचीच नजर लागली आमच्या गाडीले." आता काय बोलावं? तुम्हाले सांगतो, या आमच्या बूढापारा मोहल्ल्यात कोणाचं काहीबी बिघडलं का लोक पहिले माह्या ओट्याकडं पाहतात. माहं वय चौऱ्याहत्तर, शाळा चौथीत सुटली ते सुटलीच, मी कोणाचं काय बिघडवणार? मी तं फक्त एक बोल्ट ठेवला होता.

ठेवला तो देवीदासच्या वाटीत. देवीदास म्हणजे माहा शेजारी, सरितावहिनीचा नवरा, रेल्वेच्या वर्कशॉपात छत्तीस वर्षं फिटर. माणूस रिटायर झाला, पोट नाही झालं, ते अजूनबी त्याच्या आधी फाटकाशी पोहोचते. त्याची पोट्टी दीक्षा, इकडच्या हिंदी मुलखात वाढलेली, बँकेत आहे, एकतीस वर्षांची. तिच्याच बँकेतला नागपूरचा प्रशिक तिले पसंत, ती त्याले पसंत, सगळं आपसात ठरलेलं, अडलं होतं फक्त पोराच्या बापापाशी. इंद्रजीत ढोके त्याचं नाव, बसडेपोच्या वर्कशॉपातून फोरमन म्हणून निघालेला माणूस. तो फोनवर म्हणे, "देवीदासजी, पोरगी फोटोत पाहिली, चांगली आहे. पण घर कसं आहे ते मी गाडीचं बोनट उघडून पाहतो."

झालं. आता देवीदासच्या बोनटखाली काय होतं म्हणता? बारा वर्षांचं तेल, भनपुरीकडच्या कारखान्यायची काजळी, अन् बॅटरीमागं एका उंदरीनं बाळंतपण उरकलेलं. पाहुणे रविवारी साडेबाराच्या गाडीनं येणार, हा त्यायले स्टेशनवर घ्याले जाणार, अन् त्या फोरमननं तिथंच बोनट उचललं तं पोट्टीचं लग्न पार्किंगमध्येच संपलं. म्हणून रविवारी सकाळी सातले इंजिन धुणं सुरू.

मी विचारलं, वाशिंगवाल्याकडं काहून नाही नेत? म्हणे, "तो प्रेशरचा पाईप मारते भाऊ, पाणी वायरीत घुसते, गाडी जाग्यावर मरते." अन् मंग जे सुरू झालं... अहो, पहिलटकरीण आपल्या लेकराले इतकं जपून धूत नाही. इंजिन थंडगार पायजे म्हणून आदल्या दिवसापासून गाडी हलवली नाही. पहिले बॅटरीची मायनसची तार काढली. मंग अल्टरनेटर, फ्यूजचा डबा, एअर फिल्टरचं तोंड, सगळ्यायले प्लास्टिकच्या पन्नीत बांधून वरून रबर, त्यात वहिनीच्या फ्रिजमधल्या साऱ्या पन्न्या गेल्या, मेथी उघडी पडली. मंग तेल काढायचा फवारा, मंग पाच मिनिटं घड्याळाकडं पाहत उभं राहायचं, मंग दातांच्या ब्रशनं घासायचं... कोणाच्या दातांचा ब्रश ते वहिनीले दुसऱ्या दिवशी समजलं. पाणी मगानं, तेबी देवाले अर्घ्य देल्यासारखं बारीक धारेनं. शेवटी सुती कपडा, अन् दीक्षाचं केस वाळवायचं मशीन. इंजिन असं चमकलं का त्यात पाहून देवीदासनं भांग पाडला. भांग पाडाले केस चारच आहेत, ते सोडा.

अन् झाकणाचे, पट्ट्यांचे जे बोल्ट खोलले ते स्टीलच्या वाटीत, डिझेलमध्ये बुडवून. भिंतीवर खडूनं लिहिलं, ६. वर्कशॉपची सवय, जेवढे खोलले तेवढे लिहायचे.

आता तुम्हीच सांगा, भिंतीवर एवढा मोठा सहा लिहून माणूस आत चहा प्याले गेला, तं माह्यासारख्यानं काय हात जोडून बसावं? घरच्या डब्यातून तसाच एक काढला, त्याच मापाचा, डिझेलमध्ये बुडवला, वाटीत सोडला. बस. मी तं फक्त एक बोल्ट ठेवला होता.

देवीदास आला. सहा लावले. वाटीत बोट घातलं... भिंतीकडं पाहिलं. वाटीकडं पाहिलं. पुन्हा भिंतीकडं. तुम्ही कधी माणसाचं तोंड पायरी पायरीनं उतरताना पाहिलं का? मी पाहिलं. ओट्यावर पोहे खात होतो मी, काय गोड लागले तुम्हाले सांगतो.

"नरहरीभाऊ, हा कुठला?"

"मले काय समजते बा त्यातलं. धुताना पडला असंन कुठून तरी."

एवढंच बोललो मी. अन् त्यानं लावलेलं सगळं पुन्हा खोललं. मंग न खोललेलं खोललं. फिल्टरचा डबा, बॅटरी, पंखा, एक एक भाग अंगणात चादरीवर. नवी चादर, पाहुण्यायसाठी काढलेली.

दीक्षा आली, "पापा, ऑटो कर लो न, प्लीज."

"अन् गाडी कुठं आहे म्हणून विचारलं तं? खोटं बोलू? जास्तीचा बोल्ट हातात घेऊन माह्याकडून एक वॅगन यार्डाबाहेर गेली नाही बेटा. अन् यात तुह्या सासऱ्याले बसवू?"

सरितावहिनी दारातून, "माह्या बापानं बोल्ट मोजून देली होती का मले? पोट्टी बसून राहीन घरात, मंग लाव तिच्या गळ्यात तो बोल्ट."

देवीदास ऐकून नाही राहिला. गाडीखाली गेला, पोट अडकलं, मायलेकींनी पाय धरून ओढला. मी मोजायचं काम केलं, एक, दोन, तीन.

बारा वाजता दीक्षा माह्या ओट्यापाशी आली, साडी नेसलेली, काजळ गालावर. "नरहरीकाका, आप समझाओ न पापा को. वो लोग स्टेशन से ही लौट जाएँगे." खरं सांगतो, पोट्टीले मी खांद्यावर खेळवलेली. तोंड उघडलंच होतं मी, सांगतोच म्हटलं... तेवढ्यात देवीदासनं रेडिएटरचा पाईप ओढला, अन् ते हिरवं पाणी भसकन त्याच्या बनियनवर. मी तोंड मिटलं. इतकं चांगलं चाललेलं कोण मोडते?

एक वाजता पाहुणे आले, आपल्या आपण, ऑटोनं. इंद्रजीत ढोके फाटकात उभा, मागं प्रशिक मिठाईचा डबा घेऊन. समोर अर्धी गाडी चादरीवर, अन् मधात देवीदास, हिरवा अन् काळा. मी खुर्ची पुढं सरकवली, नीट दिसाले पायजे न.

"काय झालं?" इंद्रजीत म्हणे.

"एक बोल्ट जास्त आहे," देवीदास म्हणे, अन् रडलाच हो.

इंद्रजीतनं बोल्ट घेतला, उजेडात फिरवला. म्हटलं, आता हाणते. त्यानं घड्याळ काढून पोराजवळ देलं, बाह्या वर केल्या, अन् बसला चादरीवर. चार वाजेपर्यंत दोघं म्हातारे वाकून, ना जेवण ना चहा. चार वाजता उठला, हात पुसले अन् म्हणे, "एका बोल्टासाठी व्याह्याले स्टेशनवर सोडून देणारा माणूस मले पह्यल्यांदा भेटला. पोरगी आमची."

सकाळपासूनची माही मेहनत, पाण्यात.

लग्न झालं. वऱ्हाड बसनं गेलं, गाडी फाटकाबाहेर नाही, बोल्ट जागेवर लागेपर्यंत जाणारबी नाही. दर दुसऱ्या रविवारी इंद्रजीत नागपूरहून येते, दोघं बोनटात डोकं घालतात, अन् टॉर्च धराले कोण? रिकामा शेजारी. तीन तीन तास, कंबर कामातून गेली माही. खरं सांगावं तं सोयरीक ज्याच्यावर उभी तोच बोल्ट खोटा निघते. चूप राहावं तं टॉर्च. मी तं फक्त एक बोल्ट ठेवला होता.

परवा इंद्रजीत म्हणे, "भाऊ, उजेड थोडा डावीकडं." मी केला. अन् तुम्हाले सांगतो, तिथं खरंच एक रिकामं छिद्र दिसलं, मीच म्हणालो, "इथं लावून पाहा बरं."

नाही बसला. पुढच्या खेपेले चष्मा घेऊन जातो.