हे दोनशे अठ्ठेचाळीस आले कुठून?

१४ मार्च, गुरुवार. सकाळपासून ढग, वारा नाही, खिडकीचा पडदासुद्धा हलला नाही… आणि तरी आमच्या पेप्टाइडचं वजन वाढलेलं. आता तुम्हीच सांगा, आत काही गेल्याशिवाय वजन वाढतं का? बायको म्हणते वाढतं, पण ते जाऊ द्या, मी प्रयोगशाळेतलं सांगतोय.

पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा इवलासा तुकडा. तो तोलायला आमच्याकडे कपाटाएवढं यंत्र आहे. एका सुईतून पेप्टाइड फवारायचं, त्यावर विजेचा अधिक भार. दुसऱ्या सुईतून खूण लावणारं रसायन, त्यावर उणे भार. आणि दोघांना आत अर्धा सेकंद कोंडून ठेवायचं. अधिक-उणे भेटले की चिकटणारच हो, पण चिकटले म्हणजे जुळले का? माझा नाही विश्वास. म्हणून आम्ही त्यांना चांगलं गदागदा हलवतो. नुसते चिकटलेले असले तर सुटतात. खरोखर जुळले तर पाण्याचा एक रेणू तेवढा निघून जातो. खुणेच्या वजनाचे दोनशे सहासष्ट चढले, पाण्याचे अठरा गेले, राहिले दोनशे अठ्ठेचाळीस, की समजायचं खूण पक्की. दोन वर्षं मी हेच करतोय.

आणि त्या दिवशी रसायनाची सुई बंद! कोरी चाचणी, नुसतं पेप्टाइड… तरी यंत्राच्या पडद्यावर दोनशे अठ्ठेचाळीसची भर दिमाखात उभी. म्हणजे माझ्या आधीच कुणीतरी खूण लावून गेलेलं. कोण? मी संशय घेत नाही हं, मी फक्त लिहून ठेवतो.

बरं, दिवस कोणता, तर नेमका निकालाचा. चार वाजता मोठ्या मॅडम ठरवणार होत्या, यंत्र कुणाला द्यायचं. यंत्र एक, पद्धती दोन. माझी यंत्राच्या आतली, अर्ध्या सेकंदाची. दुसरी परीक्षानळीतली, तिला अख्खी दुपार लागते आणि मग तोलायला हेच यंत्र. माझी कोरी चाचणी कोरी आली नाही तर माझी दोन वर्षं कचऱ्यात. आणि ती परीक्षानळीवाली पद्धत कुणाची? माझ्या सख्ख्या मेहुण्याची. शेजारच्याच टेबलावर बसतो.

सोमवारी तो मला म्हणाला होता, ‘‘दाजी, तुमची सुई काय छान फवारते हो.’’ आता माणूस दुसऱ्याच्या सुईचं कौतुक उगाच करतो का? त्याच संध्याकाळी मी दोन्ही सुया ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलं. मंगळवारी भर थोडी दिसली. बुधवारी जास्त. मी कुलूप बदललं. गुरुवारी त्याहून जास्त! बायकोला सांगितलं तर ती म्हणे, माझ्या भावाला स्वतःचा चष्मा सापडत नाही, त्याला तुमची सुई कुठून सापडणार. बहीणच ती, दुसरं काय बोलणार? मी संशय घेत नाही हं, मी फक्त लिहून ठेवतो. ‘९.४० मेहुणा पाणी प्यायला. ९.५२ पुन्हा प्यायला.’ एवढी तहान कशाची लागते माणसाला, ढगाळ हवेत? ‘११.०५ माझ्याकडे बघून हसला. ११.०६ मी हसलो नाही.’

तीन वाजता वही घेऊन मी थेट मॅडमच्या खोलीत. मेहुणा तिथेच बसलेला, म्हटलं बरंच झालं, समोरासमोर होऊन जाऊ दे. मॅडमनी चार पानं शांतपणे वाचली, हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत, आणि विचारलं, ‘‘ड्रॉवरमध्ये सुया ठेवता कशा?’’

म्हटलं, मेथनॉलमध्ये. टोकं वाळायला नकोत.

‘‘दोन्ही?’’

‘‘दोन्ही.’’

‘‘एकाच पेल्यात?’’

आता काय सांगायचं… ‘‘ड्रॉवर लहान आहे, मॅडम.’’

म्हणजे बघा, यंत्रात अर्धा सेकंद भेटवायला मी दोन वर्षं घाम गाळला, आणि सुयांत उरलेली ती दोघं माझ्याच कुलपात रोज रात्रभर एका पेल्यात बसून जुळत होती! मी किल्ली खिशात घालून फिरतोय, आणि तो बिचारा पाणी पितोय.

मेहुणा खाली बघत पुटपुटला, ‘‘दाजी, आधी तुमचे दोन पेले बाहेर टेबलावर असायचे ना… मी रोज सकाळी त्यांतलं मेथनॉल बदलायचो. तुम्ही विसरता म्हणून.’’

दोन वर्षं रोज माझ्या सुयांना हात लावत होता, आणि माझ्या वहीत त्याची एक ओळ नाही. आता याला काय म्हणायचं? मी संशय घेत नाही हं… पुढचं तेवढं वहीतून वाचून दाखवतो.

३.३८ नवी सुई, कोरी चाचणी. भर शून्य. ३.४५ रसायन सुरू. शंभरातल्या बासष्टांवर खूण. ४.१० मॅडमचा निर्णय. यंत्र मंगळवारी आणि गुरुवारी माझ्याकडे, उरलेले तीन दिवस मेहुण्याकडे. दोघांच्याही सुया मेहुणा धुणार.