परतणं आणि भूमी

—तसं नाही पोरी, तू समोरून बघतेयस म्हणून तुला ही आकृती उलटी, 'कोसळणं' दिसतेय. इकडे ये, माझ्या बाजूला बस — हं, आता बघ. तू सहा वेळा नाणी टाकलीस, त्यांच्या या सहा रेघा खालून वर वाचायच्या. सगळ्यांत खाली एक अखंड, वरच्या सगळ्या तुटक — ही आकृती 'परतणं'. तुझा मोंगशान परत येणार! रडतेस काय, हस की! उद्या ती लग्न जुळवणारी बाई आली तर सरळ सांग, माझा नवरा नदीच्या बंधाऱ्यावर कामाला गेलाय, मेलेला नाही. सासूला काय बोलायचं ते बोलू दे.

काय? हो, ती खालची रेघ बदलते. पहिल्यांदा नाणी टाकलीस तेव्हा तिन्ही एकाच बाजूने पडली ना — तशी रेघ टिकत नाही, उलटते. अखंड होती, तुटक झाली. मग उरलं काय? सगळ्याच तुटक. 'भूमी'. पुलापलीकडे भविष्य सांगत बसणारा तो दीडशहाणा फेंग म्हणेल, माणूस मातीत जाणार. त्याचं काय ऐकतेस! भूमी म्हणजे आई, भूमी म्हणजे घर — घरी येणार, असा अर्थ. मला शिकवतोय! आमच्या पोराची, लियांगजीची हीच आकृती आली होती, अगदी हीच, बंधारा फुटला त्या साली. सगळे म्हणाले, गेला. मी म्हटलं, येईल. सूनबाईनं माझं ऐकलं, दुसऱ्या लग्नाला नाही म्हणाली — तुझ्याच वयाची होती — आणि आला की! अजून येतो. दिवेलागणीला. गुडघ्यापर्यंत चिखल असतो. बोलत नाही, दमलेला असतो ना. ती पाय धुवायला गरम पाणी ठेवते, तो नुसता बघत उभा राहतो, आणि सकाळी पाणी तसंच, स्वच्छ. ती ओतून देते, संध्याकाळी पुन्हा तापवते. आधी बोलायची त्याच्याशी, हसायचीसुद्धा. आता कुणाशीच बोलत नाही. आणि मी — मी भिंतीकडे तोंड करून बसतो. भीती वाटते गं त्याची. पोटच्या पोराची भीती वाटते.

काय बघतेस आत? चुलीपाशी ना, पाणी तापवतेय ती? नाही, ती माझी म्हातारी नाही. म्हातारी कधीच गेली. ती सूनबाई. केस पिकलेत, एवढंच.

ऊठ. ऊठ म्हणतो ना! उद्या ती बाई आली की हो म्हण तिला. आकृती काहीही सांगू दे, हो म्हण. जा आता. मागे बघू नकोस, नीघ.